औषध चुकलेल्या सिस्टरला आपण काय म्हणतो?



आपल्याकडे 'सिस्टर' म्हटलं की दोघी जणी डोळ्यांसमोर येतात. एक मठातली आणि दुसरी दवाखान्यातली. पहिलीच्या हातून काही चुकलं तर तिच्यामागे तिचा मठ असतो. दुसरीच्या हातून चुकलं तर ती बॅग घेऊन बसने घरी येते आणि तिच्या पाठीशी उभं राहायला सहसा कोणी नसतं. आज मला या दुसरीबद्दल लिहायचं आहे.

औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, तिकडे आळंद. आपल्या या सीमेवरच्या तालुक्यांत जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेली मुलगी आता पुष्कळ घरांत आहे. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि वॉर्डात हिंदी बोलत ती हैदराबादला, सोलापूरला, लातूरला, पुण्याला नोकरीला जाते. तिच्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण चालतं, घराचे पत्रे बदलले जातात. मग एका रात्री एका रुग्णाचं इंजेक्शन दुसऱ्याला जातं किंवा मात्रेत एक शून्य वाढतं, आणि सकाळी तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला जातो.

अशा घरांत जाण्याची वेळ माझ्यावर आली आहे. कोणाचं नाव-गाव लिहिणार नाही, दवाखान्याचंही नाही. पण तिथे जमलेल्या माणसांकडून दोन वाक्यं हमखास ऐकू आली. एक म्हणजे, "देवाची इच्छा, जाऊ दे." दुसरं जरा हळू आवाजात, "काय पाप केलं होतं कोण जाणे." दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक सर्वांना ठाऊक असलेली घटना सांगते. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी नावाचं गाव आहे. तिथे पाच वर्षांखालच्या बारा बालकांच्या तोंडात पोलिओच्या डोसाऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलांना मळमळलं, उलट्या झाल्या. त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल केलं आणि देवाच्या कृपेने सगळी सुखरूप राहिली. तीन कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. त्यांत एक आशा सेविकाही होती, म्हणजे जिला पगार नसतो, कामागणिक मोबदला मिळतो अशी बाई.

आईबापांचा संताप रास्तच होता. माझ्या लेकराच्या तोंडात कोणी सॅनिटायझर घातलं असतं तर मीही गप्प बसले नसते. पण ती बाटली लसीच्या टेबलावर आली कशी, हा प्रश्न निदान आता तरी विचारायला हवा. करोनाचे दिवस होते. लसीकरणाच्या ठिकाणी सॅनिटायझर हवंच, असा नियम होता. म्हणजे लस आणि सॅनिटायझर यांना शेजारी आणून बसवलं ते नियमानेच. त्यात त्याच महिन्याच्या १६ तारखेला करोनाची लस सुरू झाली, म्हणून १७ तारखेची पोलिओची मोहीम पुढे ढकलून ३१ ला घेतली होती. गावपातळीवर राबणारे हात मात्र तेच होते. निलंबन एका कागदावर होतं. टेबलाची मांडणी बदलायला मात्र आधी वरच्या साहेबाने टेबल बघावं लागतं.

आता पापाविषयी. प्रथम कम्युनियनच्या वर्गातल्या मुलांना मी दर वर्षी शिकवते की महापाप व्हायला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर असावी, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला पुरतं माहीत असावं, आणि तरीही त्याने मनापासून होकार देऊन ती करावी. आठ-नऊ वर्षांची पोरं हे घडाघडा म्हणून दाखवतात. मोठी माणसं मात्र चर्चच्या बाहेर आली की विसरतात. रात्रपाळीत सिस्टरने चुकीची अँपूल उचलली, तेव्हा बाब गंभीर होती, हे खरं. पण जाणीव कुठे होती? होकार कुठे होता? कळलं असतं तर तिने ती खाली ठेवली असती. तरीही अशा मुली पुन्हा पुन्हा कन्फेशनला जातात आणि तीच गोष्ट फादरना सांगत राहतात. जे पाप नाही त्याची क्षमा मागत राहिलं तर मन हलकं होत नाही, उलट जखम चिघळते.

याचा अर्थ तिची काहीच जबाबदारी नाही, असा अजिबात नाही. नर्सिंगच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात: रुग्ण बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, मार्ग बरोबर, वेळ बरोबर. यातलं एखादं तपासायचं ती कंटाळ्याने नेहमीच टाळत असेल, किंवा ट्रेवर एक डोळा आणि मोबाईलवर एक डोळा असेल, तर तेवढा दोष तिचा आहे. तो एकदा नीट कबूल करावा आणि फादरनी क्षमा सांगितली की ती खरी मानावी. चूक झाल्यावर केस पेपरवर खाडाखोड केली असेल, डॉक्टरांना उशिरा सांगितलं असेल, तर ते मात्र पापच. तिथे जाणीवही असते आणि होकारही असतो.

आणि जाणीव-होकाराचा हिशेब करायचाच असेल तर तो वरपर्यंत करावा. रात्री संपूर्ण वॉर्डाला एकच सिस्टर ठेवायची, हे कोणीतरी दिवसाढवळ्या शुद्धीत बसून ठरवलेलं असतं. सारख्या दिसणाऱ्या दोन अँपूल एकाच खणात ठेवू नका, हे सांगूनही कोणीतरी दुर्लक्ष केलेलं असतं. त्यांना कन्फेशनला आलेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

"देवाची इच्छा" हे वाक्य तर मला जास्तच खटकतं. ते प्रेमाने म्हटलं जातं, हे मान्य. पण ज्या रुग्णाला इजा झाली त्याच्या घरी जाऊन हे वाक्य म्हणायची आपली छाती आहे का? नसेल, तर इथेही म्हणू नये. शिवाय त्याने त्या मुलीचं तोंड बंद होतं. देवानेच केलं म्हटल्यावर तिने बोलायचं काय? आणि तिला तर बोलायचंच असतं.

न बोलता आलं, आणि बोलूनही कोणी जवळ केलं नाही, तर काय होऊ शकतं याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. सिएटलच्या बालरुग्णालयात वीसहून अधिक वर्षं काम केलेल्या एका परिचारिकेने सप्टेंबर २०१० मध्ये एका तान्ह्या, आधीच अत्यवस्थ असलेल्या बाळाला कॅल्शियम क्लोराईड दिलं. हिशेब चुकला आणि मात्रा दहापट गेली. चूक लक्षात येताच तिने स्वतःच ती सांगितली. बाळ पुढे काही दिवसांत गेलं. रुग्णालयाने तिला काढून टाकलं. तिथल्या नर्सिंग मंडळाने परवाना काढून घेतला नाही, अटी घातल्या. पण तिला कोणी काम देईना. एप्रिल २०११ मध्ये तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. अल्बर्ट वू नावाच्या डॉक्टरांनी २००० सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा माणसांसाठी 'दुसरा बळी' हा शब्द वापरला होता. काही रुग्णांच्या नातेवाइकांना तो आवडत नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पहिला बळी कोण, हे कधीही विसरता कामा नये. पण दुसरा माणूसही माणूसच असतो.

तेव्हा अशा घरी जाताना ईयोबाच्या मित्रांची आठवण ठेवा. आपण त्यांना नावं ठेवतो, पण सुरुवातीला ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक अक्षर बोलले नाहीत. ते सात दिवस उत्तम गेले. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. आपल्यातले काही जण तर उंबऱ्यावरच सुरू होतात: "पेशंट वाचला का? पोलीस आले होते का? लग्नाचं काय आता?"

मुलींनो, तुमच्यासाठीही थोडं लिहिते, कारण त्या दिवसांत डोकं चालत नाही. नोकरी गेली म्हणजे नोंदणी गेली, असं नाही. नोकरी दवाखान्याची असते. नोंदणी कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेची असते, महाराष्ट्रात शिकलात तर तिथल्या परिषदेची, आणि ती काढायची तर परिषदेलाच रीतसर चौकशी करावी लागते. कोऱ्या कागदावर सही करू नका. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवली असतील तर लेखी अर्ज देऊन परत मागा. सोबत कोणीतरी मोठं माणूस न्या, फादरही येतील. काय घडलं ते विसरायच्या आत तारीख-वेळेसकट स्वतःसाठी लिहून ठेवा: किती रुग्ण होते, सोबत कोण होतं, तोंडी ऑर्डर होती की लेखी.

पोलिसांची भीती सगळ्यात मोठी असते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे की उपचारातली प्रत्येक चूक गुन्हा होत नाही, निष्काळजीपणा फार मोठ्या दर्जाचा असावा लागतो. हे ऐकून धीर येतो. पण दुसरी बाजूही माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचार करताना तो नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून घडला तर दोन वर्षांपर्यंत. आणि या व्यावसायिकाची व्याख्या वाचली तर त्यात वैद्यकीय नोंदवहीतले डॉक्टरच बसतात, परिचारिका नाही. वॉर्ड एक, रुग्ण एक, डॉक्टरला दोन आणि सिस्टरला पाच! आपल्या आमदार-खासदारांना निवेदनं देण्याची हौस आपल्याला आहेच, त्यांतलं एक यावर द्यायला हरकत नाही. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं तर मात्र वकिलाशिवाय काही लिहून देऊ नका.

झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. सरकारी आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालतो. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. रोजरी म्हणाच, पण हा फोनही करा. दात दुखला तर आपण नोव्हेना करतो आणि डेंटिस्टकडेही जातोच की.

पुढच्या मुलाखतीत जुनी नोकरी का सोडली असं विचारलं तर काय सांगायचं? घरचे सांगतात, "आई आजारी होती म्हण." मी म्हणते, खरं सांगावं, थोडक्यात सांगावं, आणि त्यातून आता मी काय करते तेही सांगावं: अँपूल उचलताना, भरताना आणि टाकून देताना नाव वाचते, मात्रा दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेते. एखादी नोकरी त्यामुळे हुकेल. मला ते कळतं, हप्ते थांबत नाहीत. पण लपवलेली चूक पुढच्या वॉर्डात कोणालाच काही शिकवत नाही, आणि तिथला रुग्णही कोणाची तरी आईच असतो.

परिचारिकांचे आश्रयदाते संत कामिलस दे लेलिस यांची गोष्ट आपण प्रार्थनापत्रिकेवर वाचतो, पण अर्धीच. पायावरची जखम घेऊन ते रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात आले, तिथेच कामाला लागले, आणि तिथूनच त्यांना हाकलण्यात आलं. कारण काय, तर पत्ते, जुगार आणि भांडखोर स्वभाव. म्हणजे त्यांची तर चूकसुद्धा नव्हती, सरळ दुर्गुण होता. पुढे १५७५ मध्ये त्यांचं हृदयपरिवर्तन झालं. मठात राहायला गेले तर पायाची जखम आड आली. मग ते परत त्याच सान जाकोमोत गेले, आणि काही वर्षांनी तिथल्या कारभाराचे प्रमुख झाले. ज्या दारातून बाहेर काढलं, त्याच दारातून कोणीतरी त्यांना आत घेतलं होतं. त्या दार उघडणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याही प्रार्थनापत्रिकेवर नसतं.

१२ मे, परिचारिका दिन. त्याच्या जवळच्या रविवारी मिस्सेनंतर आपण चर्चमधल्या सिस्टर लोकांना वेदीसमोर बोलावून गुलाब देतो. यादी सध्या मी करते, आणि नावापुढे दवाखान्याचं नाव लिहायची पद्धत आहे. या वर्षी तो रकाना मी काढून टाकणार आहे. ज्या घरी बसलेल्या आहेत त्यांची नावं मला आधीच्या शनिवारपर्यंत कळवा. त्यांना यायला संकोच वाटत असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः बोलावायला जाईन. महिला मंडळातल्या कोणी एकीने सोबत यावं, म्हणजे बरं.