किट पंधरा दिवसांचे, नोंद आयुष्यभराची

रमजान आला की आपल्या मोहल्ल्यांत रेशन किट वाटायची लगबग सुरू होते. वाटणारे तरुण मनापासून धावपळ करतात आणि घेणाऱ्या घराची गरजही खरी असते. पण ईद होते, किट संपते. त्या घरातले सहा वर्षांचे मूल जूनमध्ये शाळेत गेले का, हे विचारायला मात्र कोणी परत जात नाही.

मुंबईतल्या गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये 'अपनालय' ही संस्था असे प्रश्न घेऊन वर्षभर काम करते. १९७३ मध्ये ती नरिमन पॉइंटला बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर म्हणून सुरू झाली. आई विटा-सिमेंट वाहत असताना तान्हे मूल ठेवायचे कुठे, या साध्या अडचणीतून. पुढे तिचे काम देवनार कचराभूमीला लागून असलेल्या वस्त्यांत स्थिरावले.

हा भाग मुंबई महापालिकेच्या एम-पूर्व प्रभागात येतो. देवनारला शहराचा कचरा १९२७ पासून येतो आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा प्रभाग २४ प्रभागांमध्ये सर्वांत तळाला होता. याच प्रभागात टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. कचऱ्याच्या डोंगराखाली राहणारे बहुसंख्य लोक आपले, म्हणजे मुसलमान. त्यांच्या शेजारी दलित कुटुंबे आणि पोटासाठी दूरवरून आलेले मजूर. या वस्त्यांकडे दुर्लक्ष झाले हे निर्विवाद. पण तेवढेच बोलून थांबलो तर तिथल्या मुलाच्या हाती काहीच पडत नाही.

कायदा आज त्या मुलाच्या बाजूने बरेच काही बोलतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर तिला शुल्क नाही. अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे. सहा वर्षांखालच्या मुलाचे वजन, पूरक आहार, गरोदर आईची काळजी हे सगळे तिच्या कक्षेत येते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पण कायदा स्वतःच्या पायांनी गल्लीत येत नाही. रोजंदारी बुडवून आई कार्यालयात जाते, 'उद्या या' ऐकून परतते आणि दुसऱ्यांदा जात नाही. मुलाचा हक्क हरवतो तो या दोन फेऱ्यांच्या मध्ये.

वस्तीतल्या चांगल्या संस्थेचे खरे काम नेमके इथे असते. तिचा कार्यकर्ता त्या आईबरोबर दुसऱ्यांदा जातो, अर्ज कसा लिहायचा ते दाखवतो, पोच घ्यायला शिकवतो. तिसऱ्या वेळी ती एकटी जाते, आणि चौथ्या वेळी शेजारणीला घेऊन जाते.

काही मित्र विचारतात, हे तर सरकारचे काम. संस्थांनी का करावे? प्रश्न रास्त आहे. सरकारच्या जागी कायमची बसलेली संस्था वस्तीला एका दारातून काढून दुसऱ्या दाराशी उभे करते. म्हणून कोणत्याही संस्थेला, आपल्या अंजुमनला आणि मोहल्ला कमिटीलाही, एकच कसोटी लावावी: पाच वर्षांनी या कुटुंबांना आपली गरज कमी पडली का? वाटलेल्या किटचे फोटो या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. आठवीनंतर कितीतरी मुली घरात बसतात आणि मुलगे कारखान्यात किंवा गॅरेजात जातात. कायदा जिथे हात सोडतो तिथे समाजाने हात धरायला हवा. दहावीपर्यंतची फी, अभ्यासाला एक शांत खोली, मुलीला क्लासहून घरी सोडणारी सोबत. जकात-सदक्याचा काही वाटा अशा वर्षभराच्या कामाकडे वळला, तर तो पैसा त्याच गरजू घरात जाईल, फक्त अधिक काळ टिकेल.

तुमच्यापैकी अनेकजण घरातले पहिले पदवीधर आहात. मराठीत अर्ज लिहिता येणे ही आपल्या वस्त्यांत आजही मोठी ताकद आहे. ती एका गल्लीसाठी वापरा. सगळा मोहल्ला सुधारायचे ओझे घेऊ नका. वीस घरे पुरेत. कोणाच्या मुलाचा जन्मदाखला नाही, कोणाचे नाव अंगणवाडीत नाही, कोणाची शाळा सुटली, हे एका वहीत लिहा. महिन्यातून एक रविवार त्या वहीसाठी ठेवा आणि प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण येईपर्यंत त्या दारावर परत जात राहा.

पुढच्या रमजानमध्ये किट जरूर वाटा. फक्त जाताना ती वही बरोबर न्या.