होडी ट्रॉलीवर चढविताना

पावसाळ्यापूर्वी कोकण किनाऱ्यावर लहान होड्या वर ओढून घेतात. ट्रॉलीवर चढविताना फायबरच्या होडीचा तळ तडकला, की दोष होडीला दिला जातो. वस्तुतः दोष बहुधा चढविण्याच्या रीतीत असतो. ट्रॉली पाण्यात कमी उतरविल्यास तळ घासतो. फार उतरविल्यास होडी तरंगत तिरकी होते व एका कुशीवर टेकते. भार तळाच्या कण्याने पेलावा. बाजूच्या फळ्यांनी होडीला केवळ सावरावे. आत साचलेले १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो जादा ओझे. ते आधी उपसावे. होडी कण्यावर सरळ बसल्याची खात्री करून, दोराने आवळूनच ट्रॅक्टर हलवावा. घाईने वाचलेली घटका दुरुस्तीच्या दिवसांनी फेडावी लागते. कोळी कुटुंबाचे शेत म्हणजे त्याची होडीच होय.