आमच्या अजगराला अ‍ॅनाकोंडा म्हणू नका

पावसाळा लागला की खानदेशातल्या मोबाइलवर एक व्हिडिओ फिरू लागतो. कधी तो रावेरच्या केळीबागेतला म्हणून सांगितला जातो, कधी शिरपूरच्या नाल्यातला, कधी चाळीसगावच्या डोंगरातला. मधे जाडजूड साप, भोवती पाच-पन्नास माणसं आणि खाली ओळ : ‘आपल्या भागात सापडला महाकाय अ‍ॅनाकोंडा’. हे व्हिडिओ दोन जातींचे असतात. पहिल्यातला साप खरोखर अ‍ॅनाकोंडा असतो, पण जागा ब्राझीलची असते. दुसऱ्यातली जागा खरोखर आपली असते, पण साप अजगर असतो. दोन्हींना लोक सारख्याच उत्साहानं पुढं ढकलतात, आणि आता तर बातम्या देणारेही तोच शब्द मथळ्यात टाकू लागले आहेत.

‘नावात काय आहे, मोठा साप तो मोठा साप’ असं कुणी म्हणेल. माझं म्हणणं उलट आहे. या एका नावामुळे साप मरतात, आणि या नावामागच्या अडाणीपणामुळे माणसंही मरू शकतात.

आधी अ‍ॅनाकोंडा म्हणजे काय ते पाहू. तो दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या पाणथळीतला साप. त्याचे डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असतात, कारण त्याचा बराच वेळ पाण्यात जातो. तो अंडी घालत नाही. मादी थेट पिल्लं देते. आपला अजगर अंडी घालतो. दोघं भक्ष्याला विळखा घालून मारतात, दोघंही बिनविषारी, पण कुळं वेगळी. शंभर फुटी अ‍ॅनाकोंडाच्या गोष्टी सगळ्या ऐकीव. तीस फुटांहून लांब जिवंत साप आणून देणाऱ्याला न्यूयॉर्कच्या प्राणिसंस्थेनं अनेक दशकं बक्षीस लावून ठेवलं होतं. ते कुणालाच मिळालं नाही. आपल्याकडचा अ‍ॅनाकोंडा मुळात १९९७च्या हॉलिवूडपटातून आलेला आहे.

खरी गंमत पुढंच आहे. ‘अ‍ॅनाकोंडा’ हा शब्द दक्षिण अमेरिकेतला नाही, तो आपल्या शेजारचा आहे. जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकानं १६९३ साली छापलेल्या सापांच्या यादीत तो येतो, आणि तिथं तो सिलोनच्या, म्हणजे श्रीलंकेच्या, म्हशी-बैलांची हाडं मोडणाऱ्या सापासाठी येतो. श्रीलंकेत एवढा मोठा साप एकच : अजगर. पुढं १७६८मध्ये ‘स्कॉट्स मॅगझिन’मध्ये एका गृहस्थानं सिलोनमधली ‘डोळ्यांदेखतची’ हकिगत लिहिली : अ‍ॅनाकोंडानं झाडाला आवळून वाघाचा चुराडा केला. ती युरोपात खूप गाजली. फक्त श्रीलंकेत वाघच नाहीत! खोटा फॉरवर्ड म्हणतात तो हाच. मोबाइल नव्हता एवढंच. नंतर युरोपीय शास्त्रज्ञांनी तो शब्द उचलून दक्षिण अमेरिकेतल्या सापाला चिकटवला. म्हणजे आपल्याच अजगराबद्दलची थाप जगाची फेरी मारून, सिनेमात काम करून, आता यावल तालुक्यात परत आली आहे. आणि आपण तिला पाहुणी समजून ओवाळतो आहोत.

ज्याचं नाव गेलं तो अजगर मात्र इथलाच आहे. सातपुड्याच्या पायथ्याला १९६९ साली जाहीर झालेलं यावल अभयारण्य आहे, शिरपूर तालुक्यात अनेर धरणाचं अभयारण्य आहे, दक्षिणेला गौताळ्याचा डोंगर आहे. त्यांच्यामध्ये तापीच्या गाळाची जमीन आणि मैलोन्‌मैल केळी. केळीबागेत सावली असते, ओल असते, पाचटाखाली लपायला जागा असते, आणि उंदीर-घुशी असतात. अजगराला आणखी काय हवं? तो आपल्यावर चाल करून आलेला नसतो. जंगलाच्या कडेपर्यंत बाग आपण नेली, आणि बागेत त्याचं जेवण आपणच वाढून ठेवलं.

अजगर आळशी, असं आपण म्हणीसारखं म्हणतो. त्याची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून सुमारे दोन महिने बसते, आणि गारवा वाढला की अंगाचे स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते. असं करणारे साप फार थोडे. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात अजगर साळिंदराच्या बिळात राहताना अभ्यासकांनी पाहिले आहेत. भागवतातल्या अवधूतानं आपल्या चोवीस गुरूंमध्ये अजगराला स्थान दिलं, मिळेल त्यात भागवणारा म्हणून. एकनाथांच्या ओव्यांतून तो मराठी घरांत पोचला. एवढी ओळख असलेल्या प्राण्याला आपण परक्या राक्षसाचं नाव देतो.

नाव बदललं की वागणूक बदलते. ‘अजगर निघाला’ म्हटलं की जुनी माणसं म्हणतात, जाऊ द्या त्याला. ‘अ‍ॅनाकोंडा निघाला’ म्हटलं की गर्दी जमते. कुणी शेपूट ओढतो, कुणी गळ्यात घालून फोटो काढतो, कुणी दगड उचलतो. नुकतंच खाल्लेला अजगर असा छळला की भक्ष्य ओकून टाकतो, आणि कित्येक दिवसांची त्याची कमाई जाते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२नुसार अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. त्याला मारलं तर किमान तीन वर्षांची कैद आहे. हे मथळा लिहिणाऱ्यानं सांगायला हवं. तो सांगतो ‘महाकाय’.

माणसाच्या जिवाचा प्रश्न आता येतो. घोणस हा आपल्या शेतातला सर्वांत घातक सापांपैकी एक. तोही जाड, तपकिरी, अंगावर ठिपके असलेला, आणि लोक त्याला अजगराचं पिल्लू समजतात. पावसाळ्याच्या तोंडाशी घोणसाची मादी पिल्लं देते, आणि नेमक्या त्याच दिवसांत अजगराची अंडी फुटतात. ज्यानं मोबाइलवर पन्नास वेळा अ‍ॅनाकोंडा पाहिला पण घोणस कधी नीट पाहिला नाही, तो ‘पिल्लू’ म्हणून हातात काय घेईल? फरक अवघड नाही. घोणसाच्या पाठीवर साखळीसारख्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, खवले खरखरीत, आणि डिवचला की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. अजगराचे डाग मोठे आणि वेडेवाकडे, अंग गुळगुळीत चमकदार, डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण. ओळखू आला नाही तर लांब उभं राहायचं, हा नियम त्याहून सोपा. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती अजगरानं मारली नाहीत. त्या मृत्यूंमागं मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे आहेत, आणि गेलेली बहुतेक खेड्यातली आहेत.

शेतकऱ्याची भीती खोटी, असं मी म्हणत नाही. अजगर शेळीचं पिल्लू उचलू शकतो, चावला तर जखम खोल होते. ‘तस्करीतून सुटलेला खरा अ‍ॅनाकोंडा असेल तर?’ हा प्रश्नही वेडगळ नाही. एप्रिल २०२४मध्ये बंगळुरू विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात दहा पिवळे अ‍ॅनाकोंडा सापडले होते. पण या दोन्ही शंकांचं उत्तर एकच : साप ओळखता येणारा माणूस बोलवा. आरडाओरडा हे उत्तर नव्हे.

आणि ‘पकडून सुरक्षित जंगलात सोडलं’ या बातमीनंही हुरळून जाऊ नये. साप म्हणजे उचलून कुठंही ठेवायची वस्तू नाही. त्याला त्याचा इलाखा असतो. फ्लोरिडात अजगराचाच भाऊबंद असलेला ब्रह्मी अजगर उपद्रवी परका म्हणून पसरला आहे. तिथं काही सापांना वीस किलोमीटरहून लांब नेऊन सोडलं, तर बहुतेक आपल्या जागेकडे परत आले. आपल्या बागेतला अजगर पाच कोस दूर सोडला तर तो कदाचित रस्त्यावरच चिरडेल. शक्य तिथं त्याला जवळच्या झाडोऱ्यात वाट करून देणं हेच बरं.

खानदेशात नागपंचमीला आपण नागाला पुजतो, आणि तिच्यानंतरच्या रविवारी कानबाई बसते. सण सांभाळणाऱ्या गावाला चार विषारी सापांचं आणि एका अजगराचं चित्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावणं जड नाही. त्याखाली वनविभागाचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषावरची लस आहे का, हे पेरणीआधी विचारा. बातमीदारांनी अजगराला अजगर लिहावं. आणि तो व्हिडिओ पुन्हा आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा : दादा, घोणस ओळखता येतो का तुम्हाला?