मराठी छान बोलता हो तुम्ही!

नगरमधल्या एका कार्यालयात नाव सांगितलं आणि समोरचे साहेब कौतुकाने म्हणाले, "मराठी छान बोलता हो तुम्ही!" आमच्या घरात दखनीइतकीच मराठी बोलली जाते, तीही पिढ्यानपिढ्या. साहेबांच्या मनात खोट नव्हती. पण माझं नाव ऐकताच त्यांच्या मनाने मला परका ठरवलं होतं. प्रश्न असा, की याच साहेबांच्या टेबलावर उद्या नोकरीचे अर्ज येतील, तेव्हा काय होईल?

उघड दबाव निदान दिसतो. आपल्याच जिल्ह्यात, जून 2025 मध्ये शनिशिंगणापूरच्या देवस्थानाने 167 कर्मचारी कामावरून काढले. त्यात 114 मुस्लिम होते. कारण सांगितलं गैरहजेरीचं. त्याआधी हिंदुत्ववादी संघटनांनी मुस्लिम कर्मचाऱ्यांना काढा म्हणून मोर्चाचा इशारा दिला होता. बातमी झाली, वाद झाला.

पण ज्याला मुलाखतीलाच बोलावलं नाही, त्याची बातमी कोण छापणार? लेड बाय फाउंडेशनने 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच पात्रतेचे अर्ज दोन काल्पनिक नावांनी 1000 जागांसाठी पाठवले. प्रियंका शर्माला 208 ठिकाणांहून प्रतिसाद आला, हबीबा अलीला 103. अर्ज नाकारणारे सगळेच द्वेष्टे होते का? मला तसं वाटत नाही. बहुतेकांनी "ही आपल्याकडे रुळेल का?" एवढंच मनात म्हटलं असेल. पण हबीबाची नोकरी गेली ती गेलीच.

म्हणून "आमच्या मनात तसं काही नाही" हे उत्तर मला पुरत नाही. मन तपासता येत नाही, पद्धत तपासता येते. पहिल्या चाळणीत अर्जावरचं नाव झाका. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. नाकारलं तर कारण लेखी द्या. यातल्या कशालाच फार पैसा लागत नाही.

आणि हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या दुकानात, आपल्या संस्थांत माणूस ठेवताना आपणही आडनाव आणि बिरादरी बघतोच की! इन्साफ मागणाऱ्याने आधी आपला तराजू तपासावा.

त्या साहेबांना मी तेव्हा नुसतं "थँक्यू" म्हणून आलो. आज म्हणेन, "साहेब, तुमचीही मराठी छान आहे."