वाळवंटातला कडा सांगतो तेलाची गोष्ट: पर्मियन बेसिन समजून घ्यायचं तर डोंगर का चढावा लागतो?

अमेरिकेत निघणाऱ्या कच्च्या तेलापैकी जवळपास निम्मं तेल टेक्सास आणि न्यू मेक्सिकोमधल्या पर्मियन बेसिनमधून येतं. याच भागातल्या वाळवंटात 'एल कॅपिटन' हा चुनखडकाचा उंच कडा उभा आहे. आज समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे, पण हा कडा घडला तो समुद्रातच, सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वी.

हा कडा नेमका काय आहे?

ही एक प्राचीन रीफ आहे. रीफ म्हटलं की आपल्याला प्रवाळ आठवतात, पण ही रीफ बांधली ती मुख्यतः स्पंज आणि शैवालांनी. एका खोल समुद्राच्या कडेने ती सुमारे ६४० किलोमीटर पसरली होती. पुढे समुद्र आटला, खोलगट भाग जिप्सम आणि मिठाने भरला आणि रीफ गाडली गेली. नंतर जमीन वर उचलली गेली, मऊ थर झिजले आणि रीफचा काही भाग ग्वादालूप पर्वताच्या रूपात उघडा पडला.

मग तेल कुठून आलं?

खोल तळाशी प्राणवायू कमी होता. त्यामुळे मेलेले सूक्ष्मजीव पूर्ण न कुजता गाळात गाडले गेले. उष्णता आणि दाबामुळे त्यांचंच तेल झालं. यातले वुल्फकॅम्पसारखे थर तर रीफपेक्षाही जुने आहेत.

डोंगर चढून काय कळतं?

विहिरीतून हाती येतो तो मनगटाएवढ्या जाडीचा खडकाचा दांडा. इथल्या मॅककिट्रिक दरीत मात्र समुद्रतळापासून रीफच्या माथ्यापर्यंतचे थर पायी चालत पाहता येतात. जमिनीखाली कोणता थर कुठे संपतो, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आज हे महत्त्वाचं का?

तेलासोबत प्रचंड खारं पाणी वर येतं आणि ते पुन्हा जमिनीत सोडलं जातं. त्यामुळे भूकंप वाढले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पश्चिम टेक्सासला ५.४ तीव्रतेचा धक्का बसला. नियामकांना काही भागांत पाणी सोडण्यावर मर्यादा घालाव्या लागल्या. कोणता थर किती पाणी सामावेल, हा प्रश्न आता तेलाइतकाच मोठा आहे.

आपल्यासाठीही हा विषय परका नाही. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचं तेलही मुख्यतः समुद्राखालच्या चुनखडकातच साठलेलं आहे. फरक इतकाच, की तो खडक आपल्याला चालत जाऊन पाहता येत नाही.