सायकलीला वजनांची जोड हवी

सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यांवर सायकल चालविणारा विद्यार्थी तोच व्यायाम पुरेसा मानतो. सायकलीने हृदय व फुप्फुसे सक्षम होतात, मांड्यांना बळ येते, हे खरेच. परंतु शरीराचा भार सायकलीच्या सीटवर राहत असल्याने हाडांना आवश्यक ताण मिळत नाही. खांदे, पाठ व दंड यांना फारसे काम पडत नाही. ही उणीव वजनांच्या व्यायामाने भरून निघते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मुलांसाठी रोजच्या ६० मिनिटांच्या हालचालीबरोबर आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात, दोन्ही प्रकारांत मिळून २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या १ किलोने हुकले. पानटपरी चालविणाऱ्या कुटुंबातील मुलाने हे बळ कमावले. तेव्हा साधनांच्या अभावाची सबब निवासी शाळांनी सांगू नये. वसतिगृहातील मुलांना शाळेसाठी सायकलही चालवावी लागत नाही; म्हणून दोन्हींना वेळापत्रकातच स्थान हवे. आरंभ जोर-बैठकांनी व्हावा, जाणकाराच्या देखरेखीखाली वजन हळूहळू वाढवावे, ज्या दिवशी दोन्ही असतील त्या दिवशी वजने आधी घ्यावीत. परीक्षेच्या काळात हाच तास प्रथम रद्द होतो. तो रद्द होऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.