उन्हावर नदी सोडू नका

संपादक महोदय,
'सूर्य आहे तोवर नदीतल्या जंतूंची काळजी नको', हे आपल्या अंकातले पत्र वाचून राहवले नाही. पारदर्शक बाटलीत नितळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवले, तर बहुतेक जंतू मरतात, हे खरेच. पण मुळा-मुठेचे गढूळ पाणी म्हणजे ती बाटली नव्हे! तिथे अतिनील किरण वरच्या थरातच अडतात. तळच्या गाळात ते पोचतच नाहीत. शिवाय जंतू मेला तरी त्याचा औषधरोधक जनुक पाण्यात टिकू शकतो आणि दुसरा जिवंत जंतू तो उचलू शकतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीच्या रस्त्यांवर व ओहोळांत साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत 'एनडीएम-१' हा असाच औषधरोधक जनुक सापडला. तेही उघड्या आभाळाखालचे पाणी! म्हणून उन्हावर विसंबण्याऐवजी रुग्णालयांचे सांडपाणी नदीत जाण्याआधी तिथल्या तिथेच शुद्ध व्हायला हवे.
— एक वाचक, पुणे